सीलबंद फुगा

१

सिस्टरच्या कपाटात चोरीचा फुगा सापडला आणि सगळ्या इस्पितळाला हायसं वाटलं. चोर सापडला की बाकीच्यांना आपण सज्जन असल्याचा साक्षात्कार होतो.

हा फुगा वाढदिवसाचा नव्हे. पायाच्या रक्तवाहिनीत कॅल्शियमचे थर साचून ती दगडासारखी होते, बुजते. मग डॉक्टर जांघेतून एक बारीक तार आत घालतात, तारेवरून हा चपटा फुगा बुजलेल्या जागी नेतात आणि त्यातून ध्वनिलहरींचे ठोके देतात. आतला चुना तडकतो, वाहिनी शाबूत राहते, रक्त वाहू लागतं. ज्याने शोधून काढलं त्याच्या डोक्याला नमस्कार. पण ते जिथे रोज वापरलं जातं तिथल्या डोक्यांबद्दल बाईंचं मत निराळं होतं.

बाई क्ष-किरणांच्या डॉक्टर, आता निवृत्त. उभा जन्म अंधाऱ्या खोलीत बसून परक्यांच्या हाडांचे फोटो वाचण्यात गेला. त्यातून त्यांचं एक पक्कं मत झालं होतं, की माणसापेक्षा त्याचं हाड जास्त खरं बोलतं. पाठीमागे त्यांना सगळे ‘करवत’ म्हणायचे. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडायचंही.

विश्वस्तांच्या अध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतलं. गृहस्थ इतके गुळगुळीत की कुठलीही जबाबदारी अंगावरून घरंगळून जावी.

“फार काही नाही, बाई,” अध्यक्ष म्हणाले. “उंदीर झाले म्हणून सगळी कपाटं रिकामी करवली. त्यात हे निघालं. चौकशी केल्यासारखी करा आणि सही करा. बाहेरच्या माणसाची सही बरी दिसते.”

बाईंनी डबा हातात घेतला. लांबट, पांढरा. सील जसंच्या तसं, मुदत अजून बरीच बाकी.

“तुमच्या साठ्यातून किती कमी झाले?”

“एकही नाही. तेवढं मात्र चोख आहे आमच्याकडे. पेशंटना वापरलेले वजा केले की बाकीचे सगळे जागेवर.”

“मग हा आकाशातून पडला?”

अध्यक्षांनी चहा मागवला. उत्तर सुचलं नाही की ते चहा मागवत.

“अहो, चोरीला काही गेलेलंच नाही,” बाई म्हणाल्या. “उलट तुमच्याकडे एक जास्त आहे. म्हणजे एका पेशंटला तुम्ही वापरला म्हणून सांगितलात आणि वापरला नाहीत. हा गुडघ्याखालच्या बारीक वाहिनीच्या मापाचा आहे. असा शेवटचा कुणाला वापरला?”

अध्यक्षांच्या कपाळावर पहिल्यांदा घाम दिसला.

“ते... ते फुटबॉलचे रेफरी. आमच्या मुख्य डॉक्टरसाहेबांनी परिषदेच्या दिवशी केलेली केस. सगळ्या सभागृहाने पडद्यावर पाहिलेली.”

“कुठे आहेत ते?”

“वरच आहेत. पायाचा रक्तपुरवठा पुन्हा बंद पडलाय. उद्या सकाळी पाय कापणार आहेत.”

२

सिस्टरला मालसामानाच्या खोलीत बसवून ठेवलं होतं, दाराशी पहारेकरी. जणू ती दोराच्या शिडीवरून पळणार होती.

“बोला,” बाई म्हणाल्या. “रडायचं असेल तर आधी रडून घ्या. मला दोन्ही एकदम चालत नाही.”

“मी रडत नाहीये,” सिस्टर म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते आणि जबडा आवळलेला. “आणि चोरीही केलेली नाही. मला टाकून द्यायला सांगितलं होतं.”

“कुणी?”

“आतल्या फोनवर निरोप आला. टेबल आवरा, डबा टाकून द्या. आवाज साहेबांचा म्हणाल तर साहेबांचा, धाकट्या डॉक्टरांचा म्हणाल तर त्यांचा. फोनवर सगळे डॉक्टर एकाच गळ्याने खेकसतात.”

“मग टाकला का नाही?”

सिस्टरने त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाईंना क्षणभर आपलाच प्रश्न मूर्खपणाचा वाटला.

“सील असलेली, मुदत न संपलेली वस्तू? मॅडम, आमच्याने नाही टाकवत. हातच उचलत नाही. साधी सुई असली तरी आम्ही ठेवून देतो, कुणाच्या तरी कामी येईल म्हणून. साठ्यात परत ठेवावा तर एक जास्त दिसणार, आणि मग बोंब. म्हणून माझ्या कपाटात ठेवला.”

“डबा उघडतात कधी?”

“तार बुजलेल्या जागेच्या पलीकडे गेली की डॉक्टर म्हणतात, फुगा द्या. मग आम्ही सील तोडतो. त्याआधी कधीच नाही.”

“त्या दिवशी कुणी म्हणालं, फुगा द्या?”

“नाही.”

“आणि हे तुम्ही एवढे दिवस कुणाला सांगितलं नाहीत.”

सिस्टरची मान खाली गेली. “कुणीच काही बोलत नव्हतं, मॅडम. मग मीच कशाला?”

बाई उठल्या. सुईची एवढी माया आणि पायाची नाही, असं त्यांच्या तोंडावर आलं होतं. पण त्यांनी ते गिळलं, कारण सुईचीही माया नसलेले लोक अजून भेटायचे होते.

३

रेफरी खिडकीजवळच्या खाटेवर बसले होते. सडसडीत म्हातारा, गळ्यात दोरीला शिट्टी. डाव्या पायाची करंगळी काळी पडलेली, पाऊल फिक्कट. शेजारी त्यांची लेक फळ चिरत होती.

“करवत म्हणतात त्या तुम्हीच का?” रेफरींनी विचारलं. “मग उद्याचं काम आजच उरकायला आलात की काय?”

“बाबा!” लेक म्हणाली.

“असू दे. तुमच्या वडिलांना अजून विनोद सुचतोय, म्हणजे डोक्यापर्यंत रक्त जातंय. ह्या इस्पितळात ते सगळ्यांचं जात नाही.” बाईंनी पाऊल हातात घेतलं. थंडगार. “बोटं हलवा.”

बोटं हलली. सावकाश, पण हलली.

“माणसाच्या नशिबाची गंमत बघा,” रेफरी म्हणाले. त्यांना ऐकणारा माणूस मिळाला होता आणि ते सोडणार नव्हते. “ऐन अंतिम सामन्यात मी एक गोल नाकारला. ऑफसाइड होता, आजही सांगतो. तर एका पठ्ठ्याने असा बूट घातला की नडगी काडकन मोडली. हा उजवा पाय. आत स्क्रू आहे अजून, थंडीत ठणकतो. तर मोडलेला पाय टिकला आणि धडधाकट होता तो सडला. अपील कुणाकडे करायचं?”

“साहेबांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही हो,” लेक घाईने म्हणाली. “एवढा मोठा माणूस. आमचंच नशीब. मी सही केलीय कालच.”

“आधी चाचणी झाली होती ना?” बाईंनी विचारलं.

“झाली तर! आधी ह्या चांगल्या पायाचा फोटो, मग त्या पायाचा. औषध सोडलं आणि पायात निखारे भरल्यासारखं झालं. मी सरळ पाय झटकला. साहेब केवढ्याने खेकसले. मैदानावर माझ्यावर असं कुणी खेकसलं असतं तर पिवळं कार्ड दाखवलं असतं.”

“आणि ऑपरेशनच्या दिवशी?”

“तेव्हा गुंगीचं औषध होतं. मेल्यासारखा झोपलो. उठलो तर साहेबांच्या गळ्यात हार. मला म्हणाले, नदी वाहती केलीय तुमच्या पायात. मला तर पाऊल तेव्हाही गारच लागत होतं. पण म्हटलं, एवढी माणसं टाळ्या वाजवतायत, आपल्यालाच कळत नसेल.”

त्यांनी शिट्टी मुठीत धरली. हसू गेलं होतं.

“बाई, मी रोज मैदानावर जातो. पोरं खेळतात, मी कडेकडेने पळतो, उगाच शिट्ट्या मारतो. घरात बसवलंत तर मी चार महिन्यांतच जाईन. हे लेकीला सांगत नाही मी.”

लेक समोरच होती. तिने चिरलेलं फळ तसंच खाली ठेवलं.

४

साहेबांच्या खोलीत साहेबांचेच फोटो होते. हार घातलेले, मान्यवरांना हात मिळवणारे, एका फोटोत तर ते स्वतःच्याच मोठ्या फोटोशेजारी उभे होते. गळ्यातल्या साखळीत पेन ड्राइव्ह लटकत होता. लोक तिथे देव घालतात.

“मॅडम, त्या क्षुल्लक चोरीसाठी तुम्हाला त्रास,” साहेब म्हणाले. “माझ्या हाताखालून हजारो पाय गेलेत.”

“परत किती आले?”

साहेब हसले. अपमान कळला नाही की ते हसत, आणि कळला तरी हसत.

“त्या केसचं म्हणाल तर सुरुवात मी केली. पण मला खाली सभागृहात भाषण होतं. धाकट्याकडे सोपवून गेलो. त्याने तार नेली, फुगा दिला, शेवटचा फोटो वरून पाठवला. मी भाषणाच्या अखेरीस तो पडद्यावर टाकला. सभागृह उभं राहिलं, मॅडम! आता तो फुगा खरंच दिला की नाही हे धाकट्याने सांगावं. आजकालची पोरं...” त्यांनी हात असा झटकला की त्यातून धाकटा खिडकीबाहेर पडावा.

“तो फोटो बघू.”

साहेबांनी तो अभिमानाने छापून दिला. स्वतःचं काम दाखवायला त्यांना कधीच दोनदा सांगावं लागत नसे. आधीचा फोटो आणि नंतरचा, शेजारी शेजारी. आधीच्या फोटोत वाहिनी गुडघ्याखाली तुटलेली, नंतरच्यात सरळ पावलापर्यंत उतरलेली.

ह्या फोटोंची एक खुबी असते. आधी पायाचा साधा फोटो घेतात. मग वाहिनीत औषध सोडून दुसरा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की हाडं नाहीशी होतात, उरते फक्त औषधाने भरलेली वाहिनी. पण त्या दोहोंच्या मधे पाय तसूभर जरी हलला, तरी वजाबाकी फसते आणि जे पुसलं जायचं त्याच्या कडा मागे उरतात.

बाईंनी पर्समधून भिंग काढलं. वाहिनीच्या कडेला, नडगीच्या जागी, एक पुसट खूण होती. एक काळी रेघ आणि तिला चिकटून तशीच पांढरी रेघ. आखूड, सरळ, टोकाला आटे असलेली.

“धूळ असेल,” साहेब म्हणाले.

“हो. धूळ आहे खरी,” बाई म्हणाल्या आणि कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

५

धाकटा डॉक्टर पायऱ्यांवर उभा राहून कॉफी पीत होता. सुवर्णपदक मिळालेला मुलगा. पाठीचा कणा मात्र पदकासोबत देत नाहीत.

“मी फोटो पाठवलाच नाही, मॅडम,” तो म्हणाला. “माझ्याकडून तार पुढे जाईना. बुजलेल्या जागेचं टोपण वरून अगदी दगड होतं. साहेबांचा फोन आला, सोड, भाषण संपवून मी येऊन बघतो. मी निघून गेलो. दुसऱ्या दिवशी ऐकलं की केस उत्तम झाली. मला वाटलं, साहेबांनी नंतर केली.”

“वाटलं. विचारलंस?”

“साहेबांना?” त्याने असा चेहरा केला, जणू बाईंनी त्याला वाघाचे दात मोजायला सांगितले होते.

“तुझं डोकं चालतं का रे कधी, की फक्त परीक्षेपुरतं?”

“मी म्हणालो होतो,” तो पुटपुटला. “खालून, पावलाकडून जाता येईल म्हणालो होतो. मी शिकून आलोय ते. साहेब सगळ्यांसमोर हसले. म्हणाले, घरात शिरायला दार आहे ना, मग मोरीतून कशाला? मग मी काही बोललो नाही.”

“ते मला दिसतंच आहे,” बाई म्हणाल्या आणि यंत्राच्या खोलीकडे वळल्या.

टेक्निशियन पडद्यांसमोर बसून पायांचे फोटो चाळत होता. त्याने आधीच सांगून टाकलं, की त्याला काहीही माहीत नाही. कशाबद्दल, हे विचारायचीही तसदी घेतली नाही.

“ऑपरेशनच्या दिवशी शेवटचा फोटो कुठला काढलास?”

“वाहिनी बंदच असलेला. मग सगळे गेले.”

“आणि सभागृहात दाखवला तो?”

“त्याचं मला काय, मॅडम. मला वाटलं, ते डॉक्टर लोकांचं काहीतरी असेल.”

“चाचणीच्या दिवशी पेशंटने पाय झटकला म्हणे.”

“झटकला ना! पहिलाच फोटो वाया. हललेला फोटो मी ठेवत नाही. लगेच पुसून टाकतो, नाहीतर नंतर कुणीतरी तोच वाचतो आणि घोटाळा होतो. दोन्ही पाय पुन्हा नीट घेतले मी.”

“साहेब होते दुसऱ्या वेळी?”

“छे. पहिल्याच फोटोला पेशंटवर ओरडले, पेन ड्राइव्हवर काय ते उतरवून घेतलं आणि निघून गेले. साहेब फोटो आला की लगेच उतरवून घेतात. भाषणांसाठी. त्यांना कुठे थांबायला वेळ असतो!”

बाई खुर्चीतून एवढ्या जोरात उठल्या की खुर्ची मागे घरंगळली.

“सगळ्यांना अध्यक्षांच्या खोलीत बोलाव. सगळ्यांना. आणि चहा नको म्हणावं.”

६

चहा आलाच. सिस्टर दाराशी, धाकटा भिंतीला चिकटून, टेक्निशियन धाकट्याच्या मागे लपून, साहेब मधल्या खुर्चीत. रेफरींची लेक खिडकीपाशी उभी होती. तिला बाईंनी हाताला धरून आणलं होतं.

“चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मला बोलावलंत,” बाईंनी सुरुवात केली. “संन्यासीही काही धड नाही, पण ते नंतर. आधी हा डबा. सील तोडलेलं नाही. तार पलीकडे गेल्याशिवाय सील तोडत नाहीत. म्हणजे तार गेली नाही. तार नाही तर फुगा नाही. ह्या बाईच्या वडिलांच्या पायात कुणी काही केलेलंच नाही. तो पाय पुन्हा बुजलेला नाही. तो कधी उघडलाच नव्हता.”

लेकीने खिडकीची कड धरली.

“मग उघडलेल्या वाहिनीचा फोटो आला कुठून?” बाईंनी कागद पसरला. “हा त्यांचाच पाय आहे. पण उजवा. डावीकडचं उजवीकडे केलं, कडा कापल्या आणि डावा म्हणून दाखवला. नडगीपाशी ही खूण बघा. साहेब म्हणतात धूळ. मी म्हणते स्क्रू. एका फुटबॉल खेळाडूने उजवी नडगी मोडली, त्यात बसवलेला. खाटेवर बसून म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच गोष्ट सांगतो. पण पेशंटचं ऐकायचं असतं, हे ह्या इस्पितळात कुणाला शिकवलेलं नाही.”

“असेल,” साहेब शांतपणे म्हणाले. “मग धाकट्याने पाठवला असेल. त्याला लपवायचं होतं.”

धाकट्याचा चेहरा पांढराफटक झाला. तो भिंतीला आणखी चिकटला.

“ह्याच्यात एवढा दम असता तर आपण इथे नसतो,” बाई म्हणाल्या. “वजाबाकी फसली म्हणून स्क्रू दिसला, आणि वजाबाकी फसली कारण पाय हलला. ऑपरेशनच्या दिवशी पेशंट मेल्यासारखा झोपला होता. पाय झटकला तो चाचणीच्या दिवशी, उजव्या पायाचा फोटो घेताना. तो हललेला फोटो टेक्निशियनने यंत्रातून तिथल्या तिथे पुसला. मग ह्या धाकट्याने तो आणला कुठून? जगात त्याची एकच प्रत उरली होती.”

सगळ्यांचे डोळे साहेबांच्या गळ्याकडे गेले. साहेबांचा हात आपसूक साखळीवर गेला. नंतर काढून घेतला, पण तोवर उशीर झाला होता.

“हललेला फोटो पुन्हा नीट काढला होता, साहेब. दहा मिनिटं थांबला असतात तर तुम्हाला बिनचूक फोटो मिळाला असता आणि मी आयुष्यात तुम्हाला पकडू शकले नसते. पण तुम्हाला थांबायला वेळ नसतो. बाजारात तुरी, तसा ऑपरेशनच्या आधी यशाचा फोटो खिशात! बरं, टाळ्या मिळाल्या. नंतर येऊन निदान पाय तरी बघायचात. तेवढंही नाही. आता तोच पाय कापून टाकायचा, म्हणजे विचारायला कुणी उरत नाही.”

बाईंचा आवाज चढला नव्हता. त्यांना किळस आली होती, आणि किळस आली की त्यांचा आवाज उतरतो.

“आणि बाकीचे सगळे. एकाला वाटलं, दुसऱ्याला वाटलं, तिसरी बोलली नाही. खाली सभागृहात तीनशे डॉक्टर टाळ्या वाजवत होते आणि वर एक म्हातारा गार पाऊल घेऊन झोपला होता.”

लेक पुढे आली. तिने साहेबांकडे पाहिलंही नाही. टेबलावरची, पाय कापायची आपण सही केलेली परवानगी उचलली आणि फाडली.

“आता काय करायचं ते सांगा,” ती बाईंना म्हणाली.

७

करायचं होतं ते धाकट्याने. दुसऱ्या कुणाला पावलाकडून आत शिरता येत नव्हतं. पाऊल उद्यापर्यंतच थांबणार होतं, फार तर परवापर्यंत.

“माझ्याकडून चुकलं तर?” हातमोजे घालताना धाकटा म्हणाला.

“घाबरायचं असेल तर नंतर घरी जाऊन घाबर. तिथे आई आहे. इथे मी आहे.”

बाई शिशाचा जड कोट चढवून त्याच्या मागे उभ्या राहिल्या. त्याने पावलाच्या वरच्या वाहिनीत सुई घातली, तिच्यातून तार. पडद्यावर तार वर सरकू लागली. वरून दगड असलेलं टोपण खालून मऊ निघालं. तार वळली, अडली, पुन्हा वळली आणि पलीकडे गेली. जांघेतून आधीच घातलेल्या नळीत शिरली आणि तिच्यातून बाहेर आली. धाकट्याने श्वास सोडला. टेक्निशियनने नकळत टाळी वाजवली आणि बाईंची नजर पाहून हात खाली घेतले.

“फुगा द्या,” धाकटा म्हणाला.

सिस्टर जागची हलली नाही. “ह्या मापाचा साठ्यात नाही. बाकी सगळे मांडीचे जाड आहेत. पुरवठादार परवा म्हणतोय.” ती थांबली. “तोच एक आहे.”

तो डबा चौकशीसाठी काचेपलीकडच्या टेबलावर होता. तिथेच साहेबही उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण आपल्याशिवाय काही चालतं हे त्यांना बघवत नसे.

“तो पुरावा आहे, मॅडम,” साहेब म्हणाले. आवाजात पहिल्यासारखी साय आली होती. “सील तुटलं की तुमच्या गोष्टीत उरलं काय? एक ठिपका. उद्या समितीसमोर मी म्हणेन धूळ, तुम्ही म्हणाल स्क्रू. समितीत माझे विद्यार्थी आहेत. विचार करा.”

बाईंनी विचार केला. त्यांना हा माणूस उघडा पडलेला बघायचा होता. गेल्या कित्येक वर्षांत एवढं कशाचंच मनापासून वाटलं नव्हतं. हा सुटणार, पुन्हा हार घालून घेणार, हे त्यांना सोसवत नव्हतं. मग त्यांनी टेबलावरच्या पावलाकडे पाहिलं.

“सिस्टर,” त्या म्हणाल्या, “तुम्ही म्हणत होता ना, कुणाच्या तरी कामी येईल. तोडा सील.”

सिस्टरने सील तोडलं.

फुगा तारेवरून गेला. ठोके पडले, थांबले, पुन्हा पडले. धाकट्याने औषध सोडलं. पडद्यावर वाहिनी काळी होत गुडघ्याखाली उतरली, घोट्याशी आली आणि पावलात पसरली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईंनी हातमोजा काढून पाऊल हातात धरलं आणि ते ऊबदार होईपर्यंत सोडलं नाही.

पुढे समिती बसली. साहेब अगदी म्हणाल्याप्रमाणेच बोलले. डब्याचं सील तुटलेलं आहे, तो कधी बंद होता ह्याला पुरावा काय? फोटोतला ठिपका म्हणजे छपाईची धूळ. “आणि मुख्य म्हणजे,” ते म्हणाले, “पेशंटचा डावा पाय आज उत्तम आहे. म्हणजे मी परिषदेत दाखवलेला डाव्या पायाचा फोटो खराच होता!”

समितीने माना डोलावल्या. बाईंना वाटलं, माणूस एवढा निर्लज्ज असू शकतो ह्याचं आपल्याला अजूनही नवल वाटतं, म्हणजे आपण अजून पुरत्या म्हाताऱ्या झालेलो नाही.

तेवढ्यात दार उघडलं. रेफरी आत आले, चालत. एक करंगळी तेवढी गेली होती. त्यांनी काखेतला दोन्ही नडग्यांचा ताजा एक्स-रे अध्यक्षांच्या कपबशीवर ठेवला; उजवीत अगदी त्या ‘धुळी’च्याच मापाचा स्क्रू होता. मग एक खुर्ची ओढली, दोन्ही बूट काढले, दोन्ही पाय समितीच्या टेबलावर ठेवले आणि गळ्यातली शिट्टी अशी फुंकली की अध्यक्षांचा चहा सांडला.

“हा डावा,” रेफरी म्हणाले. “ह्यात स्क्रू नाही.”